मरोद्याहून : नागपूरकर भोसल्यांचा हरवलेला वाडा



मरोद्याला येऊन सात महिने झाले. युनिटचं नाव लिहायचं नाही हा आपल्या ब्लॉगचा जुना नियम, तो याही वेळी पाळतो. जागा मात्र सांगायला हरकत नाही. भिलाई कारखान्याच्या दक्षिणेला मरोदा. दल्ली राजहराहून लोखंडाचं दगड भरलेल्या मालगाड्या इथल्या स्टेशनातून जातात, रात्री त्यांच्या धडधडीनं क्वार्टरच्या खिडकीची काच वाजते. पहिले आठ दिवस झोप आली नाही. आता गाडी आली नाही तरच जाग येते.

सकाळी पीटी झाल्यावर मी मरोदा तलावाच्या बांधावर एक चक्कर मारतो. तांदुळा कालव्याचं पाणी इथं साठवतात आणि ते कारखान्याला जातं. तिथं एक म्हातारबा रोज भेटतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या आसपास. सगळे त्यांना ‘कका’ म्हणतात, छत्तीसगढीत काकाला कका, म्हणून मीही म्हणतो. पहिल्याच ओळखीत त्यांनी मला विचारलं, ‘‘तुमन भोंसला राजा के देस के अव का?’’ तुम्ही भोसले राजाच्या मुलखातले का?

मी छाती फुगवून हो म्हणालो. आमच्या घरी आजोबा सांगायचे की आपला कोणी पूर्वज भोसल्यांच्या पागेत होता. कागद कुठलाच नाही. पण असल्या गोष्टीला कागद कोण मागतो?

कका हसले. म्हणाले, ‘‘मग तुमच्या राजाचा नागपूरचा महाल पाहिला असशील. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे, आमचं धान तिकडं जायचं.’’

मला काय उत्तर द्यावं सुचेना. कारण तो महाल मी पाहिलेला नाही. तुम्हीही नाही. तो १८६४ साली जळाला. सीताबर्डीला ड्युटीवर असताना मी अनेक रविवार महाल भागात हिंडलो होतो, पण ‘महाल’ नावाच्या त्या वस्तीत मूळचा महाल नाही ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात नीट शिरली नव्हती. ककांच्या त्या एका वाक्यानं मला पुन्हा पुस्तकं उघडायला लावली. या वेळचा लेख त्या वाड्यावर.

आधी मराठ्यांचा आणि या मातीचा संबंध थोडक्यात. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले, ते याच वाटेनं. छत्तीसगड पालथं घालताना मराठ्यांनी दुर्गला आपला तळ केला होता, असं गॅझेटियर सांगतं. दुर्गचा तो मातीचा किल्ला म्हणजे माझ्या क्वार्टरपासून सायकलनं जाता येईल इतकं अंतर. तिथून रतनपूर. रतनपूरचा हैहय राजा रघुनाथसिंह म्हातारा होता, त्यानं फारसा प्रतिकार केला नाही. पुढं भास्करराम बंगालात शिरले आणि १७४४ मध्ये अलीवर्दीखानानं त्यांना भेटीला बोलावून दगा केला. बंगालात आजही आया मुलांना निजवताना बर्गींचं भय घालतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. माझ्या एका बंगाली दोस्तानं हे मला बॅरेकमध्ये सांगितलं, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं.

१७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख चौथ भोसल्यांच्या पदरात पडली. पहिले रघूजी १७५५ मध्ये गेले. त्यांचा मुलगा बिंबाजी १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगड पाहू लागला, थेट १७८७ पर्यंत. बिंबाजी इथल्या लोकांच्या आठवणीत बरा आहे. रतनपूरच्या रामटेकरीवरचं राममंदिर त्याचं. दसऱ्याला सोनं वाटायची चाल इथं त्यानं आणली असं इथले लोक सांगतात. तो इथं राहिला म्हणून त्याचं नाव राहिलं. त्याच्यानंतर आलेला व्यंकोजी बहुतेक काळ नागपुरातच राहिला आणि इकडचा कारभार सुभेदार बघू लागले. विठ्ठल दिनकर नावाच्या सुभेदारानं परगण्यांची नवी घडी बसवली, कमाविसदार नेमले. जमीनदारांकडून टाकोळी, गावांकडून सारा. आता राजा इथं नाही, वाडा नागपुरात आणि वसूल इथला. ककांच्या म्हाताऱ्यांची तक्रार या काळातली असणार.

तर तो वाडा. काळ्या दगडाचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसाल्टचा, आणि वर लाकडी कोरीव कामानं मढवलेला. पुढं मोठा दरवाजा, त्यावर नगारखाना. भोवती सरदार-मुत्सद्द्यांचे वाडे, पेठा, देवळं. पश्चिमेला जुम्मा दरवाजा आणि जुम्मा तलाव. आज त्या दरवाजाला गांधी गेट म्हणतात आणि तलावाला गांधीसागर. नागपूरकरांना लगेच चित्र उभं राहील.

या जागेला आधीचा धनी होता, हे विसरू नये. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदानं, १७०२ च्या सुमारास. त्याच्या वंशजांच्या भांडणात मदतीला म्हणून रघूजी आले आणि १७४३ पर्यंत मालक झाले. गोंड राजा बुऱ्हाणशाहला त्यांनी मारलं नाही, हाकललं नाही. मान राखून, तनखा बांधून शहरातच ठेवलं. राजाला पेन्शनर करायची ही युक्ती इंग्रजांनी शोधली असं आपण समजतो. नागपुरात ती शंभर वर्षं आधी आपणच केली होती. पुढं काय झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवा.

दुसरे रघूजी १७८८ ते १८१६ गादीवर. वाड्याचं वैभव त्यांच्या काळात शिगेला आणि उतरणीलाही त्यांच्याच काळात. नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावला वेलस्लीनं हरवलं, डिसेंबरात देवगावचा तह. कटक गेलं, वऱ्हाडचा मुलूख गेला. तहानंतर इंग्रजांचा रेसिडेंट सीताबर्डीला कायमचा बसला. सीताबर्डीची टेकडी ते वाडा, सरळ रेषेत दीड-दोन मैल. शत्रू इतक्या जवळ, रोजच्या नजरेत. रघूजी बारा वर्षं असे जगले. ते सुस्कारे कसे टाकत असतील याची कल्पना कुठल्याही पोस्टवर समोरच्या टेकडीवर दुसऱ्याचं ठाणं बघत दिवस काढलेल्या जवानाला येईल.

१८१६ मध्ये ते गेले. मुलगा परसोजी दुबळा. पुतण्या आप्पासाहेब कारभारी झाला आणि फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी वाड्यातच मेला. तो मारला गेला, हे नंतर उघड झालं. मोठ्या घरांत पहिली आग अशीच लागते, ती बाहेरून दिसत नाही.

आता लढाई. माजी सैनिक मंडळी, इथं जरा सावकाश वाचा.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला. इंग्रजांकडे दीड हजाराच्या आत माणसं, बहुतेक मद्रासचे शिपाई आणि बंगालच्या रिसाल्याचे थोडे स्वार. भोसल्यांकडे अठरा-वीस हजार, त्यांत सुमारे तीन हजार अरब. रात्रभर गोळीबार चालला. २७ ला सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. जिंकत आलेली लढाई. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या स्वारांनी मैदानात झडप घातली, तोफा घेतल्या आणि त्याच वेळी छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला. गोंधळात इंग्रजांच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सगळं संपलं. संख्येनं लढाई जिंकता येत नाही हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. हे उदाहरण मात्र मला कुणी दिलं नव्हतं. ते मला त्या टेकडीवरच समजलं, कारण तिथला किल्ला आज टेरिटोरियल आर्मीकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांना उघडतात. जमलं तर जा. वरून महालच्या दिशेला बघा, म्हणजे दोन्ही जागा एकमेकींच्या किती तोंडाशी होत्या ते कळेल.

डिसेंबरात जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाला. राजा हातात, सक्करदऱ्याकडची छावणी आणि तोफा हातात. इंग्रजांनी लढाई संपली असं धरलं. पण वाडा त्यांच्या हातात आला नव्हता.

वाडा अरबांनी धरला होता. राजा शत्रूकडे, मराठे सरदार पांगलेले, आणि हजारो कोसांवरून पोटासाठी आलेले हे लोक वाड्यात आणि त्याच्या आजूबाजूच्या पक्क्या घरांत मोर्चे बांधून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. तोफांनी भगदाड पाडलं होतं, रॉयल स्कॉट्ससारखी निवडक पलटण पुढं होती. तरी हल्ला मोडला. आतली घरं, गच्च्या, गल्ल्या यांच्यातून गोळ्या येत होत्या आणि भगदाडातून आत शिरलेल्यांना पुढं सरकता येईना. शहरातली लढाई किती वाईट असते हे ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको.

शेवटी इंग्रजांना बोलणी करावी लागली. अरबांना बायकामुलं आणि खासगी सामानासह जाऊ द्यायचं आणि वाटेत सुरक्षिततेसाठी इंग्रज अधिकारी सोबत द्यायचा, असं ठरलं. ३० डिसेंबर १८१७ ला ते बाहेर पडले. त्यानंतर वाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला.

मला या अरबांचं फार वाटतं. आपल्याकडे भाडोत्री म्हटलं की नाक मुरडतात. मालक शरण गेल्यावर पंधरा दिवस मालकाचं घर राखणारे भाडोत्री मला तरी दुसरे ठाऊक नाहीत. कुणी म्हणेल, तुंबलेल्या पगारासाठी आणि जीव वाचवायच्या अटींसाठी बसले होते. असतील. पगार तर आपणही घेतो.

आप्पासाहेबांचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. मार्च १८१८ मध्ये त्यांना कैद केलं आणि अलाहाबादकडे नेत असताना, मे महिन्यात, जबलपूरजवळ ते पहारा फोडून शिपायाच्या वेशात निसटले. पहारेकऱ्यांपैकीच काही जण फितूर होते. महादेव डोंगरात गोंडांच्या आश्रयाला, मग असीरगड, पंजाब आणि शेवटी जोधपूर. तिथल्या राजानं त्यांना इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला. १८४० मध्ये तिकडेच वारले. वाडा त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

इंग्रजांनी १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलाला दत्तक म्हणून गादीवर बसवलं. तेच तिसरे रघूजी. लहान मूल, त्यामुळं कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे आणि घर बाकाबाईंकडे. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींची विधवा. याच सुमारास कर्नल अॅग्न्यूनं छत्तीसगडचं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. आजचं रायपूर राजधानी आहे, त्याची सुरुवात तिथं.

या बाकाबाईंबद्दल नागपुरात चांगलं बोललं जात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते ना, त्यातली काळी म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून, असं सांगतात. १८८१ पासून ती मिरवणूक निघते म्हणे. नागपुरात असताना मीही गर्दीत उभा राहून ओरडलोय. आता मात्र मला ते खटकतं. का, ते पुढं वाचा.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारले. मुलगा नाही, दत्तकही घेतलेला नाही. राण्यांनी नात्यातल्या यशवंतराव अहीरराव या मुलाच्या हातून क्रियाकर्म करवलं आणि त्याला दत्तक मानायची विनंती केली. रेसिडेंट मॅन्सेलनं भोसल्यांचं नाव आणि मान राहील अशी तडजोड सुचवली. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये कर्नल लो यांनी खालसा करायला विरोध केला. डलहौसीनं ऐकलं नाही. त्याच्या जानेवारी १८५४ च्या टिपणात एक गोष्ट लपवलेली नाही, ती म्हणजे या मुलखातला कापूस आणि विलायतेतल्या गिरण्यांची भूक. सुमारे ८० हजार चौरस मैल आणि चाळीस लाखांवर माणसं एका टिपणानं इंग्रजांची झाली. त्यात हा मरोदाही आला.

राज्य गेलं. आता घराची पाळी.

सर जॉन केय या इंग्रज इतिहासकारानं सत्तावनच्या उठावाचा इतिहास लिहिला, त्यात या वाड्याची झडती आणि विक्री आली आहे. केय काही भोसल्यांचा माणूस नव्हे, कंपनी सरकारच्या नोकरीतला होता. तोही लिहिताना कळवळतो. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल किमतीनं गेले. थोडे अपवाद सोडून जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवलं गेलं. ऐंशी वर्षांच्या बाकाबाई हे सगळं बघत होत्या. आणि राण्यांपैकी एकीनं सांगितलं, की वाड्यातलं सामान हलवलंत तर मी वाड्याला आग लावीन.

सामान हलवलं गेलं. आग कुणी लावली नाही. राज्य घेतल्यापेक्षा या सामानाच्या विक्रीनं आजूबाजूच्या प्रांतांत जास्त वाईट परिणाम झाला, असं ऐकल्याचं केय नमूद करतो.

सैनिकाला घर सोडायची सवय असते. दर दोन-तीन वर्षांनी आपण क्वार्टर रिकामं करतो. यादी घेऊन माणूस येतो. पंखे तीन, पलंग दोन, टेबल एक, नळाची तोटी मोडलेली, त्याचे पैसे कापले जाणार. बायको दारात उभी राहून बघत असते. आपल्या काळ्या ट्रंका ट्रकमध्ये चढतात आणि सही झाली की ते घर आपलं नसतं. त्या घरात मूल चालायला शिकलेलं असतं, पण यादीत तो रकाना नाही. मी अशी नऊ क्वार्टरं सोडली आहेत आणि दर वेळी अर्धा दिवस घशाशी येतं, ती सरकारची होती हे पक्कं माहीत असूनही. मग ज्यांची चार पिढ्यांची चूल तिथं होती, त्यांच्या देवघरापाशी परका माणूस यादी घेऊन उभा राहिला तेव्हा काय झालं असेल?

आणि तरीही सत्तावनच्या जूनमध्ये नागपूरच्या रिसाल्यानं उठावाचा बेत केला, तेव्हा बाकाबाईंनी साथ दिली नाही. काळी मारबत त्या नकाराची. माझं मत विचाराल तर ते असं. या बाईनं नवऱ्याला १८०३ मध्ये अर्धा मुलूख गमावताना पाहिलं, परसोजी घरातच मेलेला पाहिला, वाड्यावर तोफा चाललेल्या पाहिल्या. ऐंशीव्या वर्षी तिच्यापुढं दत्तक मुलाचा प्रश्न शिल्लक होता, एवढंच. ती चुकली असं म्हणायचा हक्क इतिहासाला आहे. तिला देशद्रोही म्हणून दरवर्षी जाळायचा हक्क आपल्याला आहे का, याबद्दल मला शंका आहे. पुढच्या वर्षी मारबतीला गेलोच तर गप्प उभा राहीन. नागपूरकर मित्र रागावतील, रागावोत.

बाकाबाई १८५८ मध्ये गेल्या. तिच्या नकाराचं फळ मिळालं, असं म्हणायचं तर यशवंतरावांचं दत्तक उठावानंतर मान्य झालं. ते जानोजी झाले, ‘राजाबहादूर ऑफ देऊर’ हा किताब आणि तनखा मिळाला. देऊर म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातलं. नागपूरचा राजा नागपुरात राहून साताऱ्यातल्या एका गावाचा राजाबहादूर. बुऱ्हाणशाह गोंडाच्या शेजारी आता भोसलेही पेन्शनर.

मग १८६४. वाड्याला आग लागली आणि तो जळाला. गॅझेटियरमध्ये या घटनेला एकच वाक्य आहे. काळ्या दगडाचा, समृद्ध लाकडी कोरीव कामाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला आणि नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा राहिला, एवढं. त्याच वर्षी नागपुरात कमिशनच्या नोकरीत राहिलेल्या मेजर इव्हान्स बेल याचं पुस्तक विलायतेत छापलं गेलं. नागपूर खालसा करणं कसं अन्यायाचं होतं हे त्यात एक इंग्रजच आपल्या लोकांना सांगत होता. पुस्तक आलं आणि वाडा गेला.

जुने लाकडी वाडे कसे जळतात ते पुण्याच्या लोकांना माहीत आहे. शनिवारवाडा १८२८ मध्ये असाच गेला. दगडाचं जोतं राहतं, बुरूज राहतात, दरवाजा राहतो. सागवान जातं. आणि आपल्या वाड्यांत दगड म्हणजे पाय, घर म्हणजे लाकूड. खांब, तुळया, हंड्या टांगायच्या कड्या, माडीचे जिने, महिरपी, सगळं लाकूड. शनिवारवाड्याचं जोतं निदान लोक तिकीट काढून बघतात. नागपूरच्या वाड्याच्या जागेवर शहर चढलं.

मला वाटतं आपण या वाड्याची तारीख चुकीची धरतो. १८६४ ला जळालं ते खोकं. आतलं सगळं दहा वर्षं आधी यादी करून बाहेर काढलं होतं. सीताबर्डीला बैल विकले गेले त्या दिवशी वाडा संपला. तो दिवस कुणी पाळत नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात, ती प्रथाही दुसऱ्या रघूजींच्या वेळची असं सांगतात. राजाचे खरे बैल लिलावात गेले, लाकडाचे राहिले.

हे सगळं मी ककांना बांधावर बसून सांगितलं. एका दिवसात नाही, चार-पाच सकाळी, मोडक्यातोडक्या हिंदीत. अरबांचं सांगताना ते मांडीवर थाप मारत होते. लिलावाचं ऐकून गप्प झाले.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. ते कारखान्यासाठी गेलेल्या गावांपैकी एका गावचे. १९५५ मध्ये रशियाशी करार झाला आणि जमिनी घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा कका आठ-दहा वर्षांचे. मातीचं घर, शेणानं सारवलेला ओटा, मागं कोठार, परसात मुनग्याचं झाड. मुनगा म्हणजे आपला शेवगा. मोजणीला साहेब आले. घराची किंमत झाली, झाडाची वेगळी किंमत झाली. आई झाडाच्या पैशांना हात लावेना. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद पहिली धमनभट्टी सुरू करायला आले, तेव्हा कका बापाच्या खांद्यावर बसून ते बघायला गेले होते आणि पुढं चाळीस वर्षं त्याच कारखान्यात त्यांनी भाकरी कमावली. कारखान्याबद्दल त्यांच्या मनात राग नाही. उलट आपल्या हातून गेलेल्या रुळांबद्दल ते असे बोलतात की जणू देशभरच्या गाड्या त्यांच्या अंगणातून धावतात.

पण मी वाड्याचं काळं दगड, नगारखाना, कोरीव खांब असं वर्णन करत होतो तेव्हा मध्येच म्हणाले, ‘‘हमर घर के तो फोटो घलो नइ हे, साहब.’’ आमच्या घराचा तर फोटोसुद्धा नाही.

आणि मग, थोड्या वेळानं, त्यांनी मला ते घर दाखवलं. हातातली काठी बांधाच्या मातीवर टेकवून. हा ओटा. इथं बैल. इकडून पाणी आत यायचं म्हणून बापानं चर खणलेला. कोठाराचं दार इतकं बुटकं की आई वाकूनच आत जायची. मुनगा इथं. काठी फिरत होती आणि मी पावलं मोजत होतो, सवयीनं. पंधरा पावलं लांब, नऊ रुंद.

मी खिशातली डायरी काढून ते उतरवून घेतलं. ककांनी दोनदा दुरुस्त केलं, चुलीची जागा चुकली होती.

मार्चमध्ये मला आठ दिवसांची सुट्टी आहे. ककांना घेऊन नागपूरला जायचं ठरलंय. दुर्गला गाडीत बसलं की इतवारी, तिथून महाल जवळ. नगारखान्याखाली उभं राहून त्यांना ती जागा दाखवीन. जाताना वाटेत खायला त्यांची सून ठेठरी करून देणार आहे. आमच्या हिच्या चकलीशी त्याची तुलना करायची नाही, अशी मला घरून ताकीद आहे.

जय हिंद.